नाखवीण बोलतेय

भाऊच्या धक्क्यावर त्या माणसाने रेडिओचा कान पिळला आणि केसरचा आवाज अर्ध्या वाक्यात मेला. ती रेवसच्या लाँचवरच्या ओळखीच्या खलाशाकडे वैनीसाठी घेतलेलं लुगडं द्यायला आली होती. लाँच यायला अवकाश होता म्हणून बाकाच्या टोकाला टेकली होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर चामडी कव्हरातला नवा ट्रान्झिस्टर होता. असले रेडिओ तेव्हा नुकतेच दिसू लागले होते आणि ज्याच्याकडे असेल तो तान्हं पोर मिरवावं तसा मिरवत असे. त्यातून एकाएकी तिचाच आवाज निघाला, सोमवारी ध्वनिमुद्रित केलेला: "राम राम मंडळी! नाखवीण बोलतेय. आज आपण बोटींच्या निगेविषयी..." इतक्या वर्षांत तिने स्वतःला चारचौघांत कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात त्या माणसाचा अंगठा हलला. खरखर झाली, कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या ओरखडा काढून गेल्या, आणि मग रेडिओ सिलोनचं गाणं लागलं, लाटेवर बसल्यासारखं जवळ येणारं, लांब जाणारं. आजूबाजूचे तिघेचौघे सरकून जवळ आले. त्याच्या अंगठ्याचं तिला तितकंसं वाटलं नाही. ही माणसं सुटल्यासारखी पुढे सरकली, ते तिच्या डोक्यात गेलं. त्याच्या मांडीवरचा तो डबा उचलून धक्क्याखालच्या हिरव्या पाण्यात भिरकावून द्यावा असं तिला इतकं खरंखुरं वाटलं की तिने स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून धरले. आणि समजा, ती बोलली असती, "अरे, ती मीच आहे," तर? तर तो बिचारा उठून उभा राहिला असता, बाई बसा म्हणाला असता, आणि तिच्या मानासाठी म्हणून तिचा कार्यक्रम मुकाट्याने ऐकला असता. ते तर तिला अजिबात सोसलं नसतं.

घरी माझगावच्या खोलीत तिने नवऱ्याला हे सांगितलं. हिरामण गोदीतून आलेला, पाय पसरून बसलेला. तो म्हणाला, "अगो, तो काय तुला वळखत होता काय?" "वळखत नव्हता म्हणूनच!" ती ओरडली. ओळखीची माणसं लाजेकाजेस्तव ऐकतात. अनोळखी माणूस मनापासून बंद करतो. रात्रभर तिच्या कानात ती खरखर राहिली.

दुसऱ्या दिवशी आकाशवाणी केंद्रावर साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे तिच्या कार्यक्रमाचे अधिकारी, मवाळ, किडकिडीत, बोलताना समोरच्या कागदांशी बोलल्यासारखे बोलणारे. ते म्हणाले की श्रोत्यांची पाहणी झाली. माणसं कुलाबा जिल्ह्यात, रत्नागिरीत, ठाण्याकडे फिरून आली. नाखवीण फारसं कुणी ऐकत नाही. संध्याकाळी सगळीकडे सिलोन लागतं. महिनाअखेर कार्यक्रम बंद होईल. "वाईट वाटून घेऊ नका केसरबाई. लोकांची आवडच बदलली." केसर म्हणाली, "कुणाला विचारलं?" साहेब म्हणाले, "श्रोत्यांना." हा शब्द केसरने हजारदा उच्चारला होता, श्रोतेहो, श्रोतेहो, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढे मुरुडजवळचा आपला कोळीवाडा असायचा: मच्छीमार सोसायटीची ओटी, तिथे भिंतीतल्या कपाटात ठेवलेला गावाचा रेडिओ, त्याची चावी कमरेला लावणारा तिचा थोरला भाऊ धर्माजी, आणि भोवती गाव. मुंबईचा कोण तो बाकावरचा माणूस, त्याने काहीही करावं. पण वाडा? वाडा ऐकत नाही असं कुणी म्हणावं? "मी जाऊन बघते," ती म्हणाली. साहेब कागदांना म्हणाले, "अवश्य. पण त्याने काही बदलायचं नाही."

शनिवारी सकाळच्या लाँचला ती बसली तेव्हा राग असा ताजा होता की वाऱ्याने पदर उडाला तरी ती वाऱ्यावर चिडत होती. मागे मुंबई धुरकटत गेली. तिला आठवत होतं, पहिल्यांदा ही रेडिओची माणसं वाड्यात आली होती ती जीप घेऊन, भलंमोठं यंत्र उतरवून, हळदीची गाणी टिपायला. केसर चुलतबहिणीच्या हळदीला माहेरी आलेली. ती गायली कमी आणि बोलली जास्त. मधल्या वेळेत तिने यंत्र चालवणाऱ्या पोरगेलेशा माणसाची अशी काही फिरकी घेतली की मांडव हसून लोळला, आणि ते सगळं यंत्रात गेलं. तेव्हाचे जुने साहेब म्हणाले, मुंबईत असता ना, मग केंद्रावर या, अशाच बोला. अशाच! तिला अशाच हा शब्द आठवला आणि तिने लाँचच्या कठड्यावर मूठ आपटली. समोरच्या म्हातारीने दचकून टोपली जवळ ओढली. पहिली दोनतीन वर्षं ती अशीच बोलली. माईकसमोर बसायची आणि जेट्टीवर बसल्यासारखी सुटायची. कुणाची बोट कुणाच्या जाळ्यावरून गेली, सासू सुनेला काय बोलली, मग हळूच मध्येच कर्जाची योजना, डिझेलचं इंजिन. तिचा बाप बुधाजी नाखवा, ज्याने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तो बोट किनाऱ्याला लावून धापा टाकत ओटीवर यायचा, लेकीचं ऐकायला. मग जुने साहेब बदलून गेले. नवे आले, त्यांच्यामागून आणखी नवे. लिहून देणारे आले. एकाने तिच्या बोलण्यातलं 'हाय' काढून 'आहे' घातलं. दुसऱ्याने सासूसून काढली, कारण त्यातून समाजाचं वाईट चित्र दिसतं. तिसऱ्याने तिला मऊ आवाजात सांगितलं की बाई, सबंध महाराष्ट्र ऐकतो, तेव्हा सर्वांना कळेल असं बोलावं. ती भांडली, रुसली, एकदा तर कागद तिथेच टाकून निघून आली. मग शिकली. इतकी चांगली शिकली की पुढे हिरामणशी भांडतानासुद्धा तिच्या तोंडून अमुक करणे हितावह ठरेल असं काहीतरी निघायचं आणि तो पोट धरून हसायचा. त्यांनी तिला तासून गुळगुळीत केलं, आणि आता म्हणतात, हिला कुणी धरत नाही.

रेवस, अलिबाग, रेवदंड्याला खाडीची होडी, पुन्हा एस.टी. वाड्यात पोचेस्तोवर उन्हं कलली होती. धर्माजी ओटीवरच होता. तिला पाहून उठला, पण आनंदाने उठला की चपापून, ते तिला कळेना. "काय गो, अशी अचानक?" तिने सरळ विचारलं, "दादा, माझा कार्यक्रम लावता ना?" ओटीवर चारपाच माणसं जाळी विणत होती. त्यांनी माना जाळ्यात घातल्या. "लावतो ना," धर्माजी म्हणाला. "म्हंजे लागला तर लावतो. पोरा आयकत न्हाईत. गानी लावा, गानी लावा." "आणि आधी? आधी तर सगळा गाव बसायचा. तू सांगायचास, पाय ठेवायला जागा नसते." धर्माजीने टोपी काढली, परत घातली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच. म्हणाला, "तवा तो सरकारी डबा व्हता, केसर. त्याच्यावर तेवढा एकच टेशन लागायचा. दुसरा काय लागतच नव्हता. मंग तो बिघडला. सोसायटीनं अलिबागशी ह्यो मोठा आनला. ह्याच्यावर सगला लागतं."

ती पायरीवर तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ज्या गर्दीच्या जोरावर ती स्टुडिओत कागदांशी, साहेबांशी, स्वतःच्या जिभेशी भांडत आली, ती गर्दी दुसरं काही लागत नव्हतं म्हणून बसलेली होती. बाबा? बाबासुद्धा? नाही, बाबा नाही. बाबा तिच्यासाठीच यायचा. तिला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली आणि समोर फक्त धर्माजी होता, दोन दिवसांची दाढी वाढलेला, तिच्यासाठी कुणाला तरी चहा सांगणारा. ती वळली आणि वैनीला शोधत किनाऱ्याकडे चालू लागली.

सगळ्या बाया वलांडीवर होत्या. बांबूंच्या त्या उंच आडव्या ओळींवर बोंबील लटकत होते, वाळून कडक झालेले, आणि दव पडायच्या आत ते काढायची घाई चालली होती. वास तिच्या अंगात लहानपणासारखा शिरला. वेणूबाई वैनीने तिला पाहिलं, हात न थांबवता हसली. "आली का केसरबाय! लुगडा पोचला. लई झ्याक हाय." केसरही पदर खोचून बोंबील काढू लागली. बोटांना सगळं आठवत होतं. जरा वेळाने तिने विचारलं, "वैनी, तू ऐकतेस का माझा कार्यक्रम?" वैनी म्हणाली, "कवा आयकू? ह्याच टायमाला तर ह्यो काढायचा असतं." "पण पावसात? पावसाळ्यात तर वलांडी नसतात." वैनीचे हात थांबले. तिने नणंदेकडे असं पाहिलं, जणू शहाण्या माणसाने काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "ओटीवर? आमी बाया ओटीवर जाऊन बसनार? बापय मानसांमदी?"

केसरने विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि आयनं? आयनं ऐकलं असेल की. बाबा असताना." "तुजी आय?" वैनी म्हणाली. "ती कशी जाईल गो? बाबा येऊन सांगायचा घरी. केसर बोलली आज, म्हनायचा. आय इचारायची, काय बोलली? तो म्हनायचा, चांगला बोलली. बस. सगुनाआयला तेवढा पुरायचा." आणि पुन्हा तिचे हात चालू झाले.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. केसरने माईकसमोर बसून किती वेळा आईला डोळ्यांसमोर धरलं होतं. बायांनो म्हणताना तिच्या मनात पहिली बाई आईच असायची, चुलीपाशी उकिडवी बसलेली, एक कान तिच्याकडे दिलेली. एखादं वाक्य मुद्दाम तिच्यासाठी घालायची, माहेरच्या विहिरीचं, जुन्या पाट्याचं, आणि वाटायचं, आता आय हसली असेल. आय हसली नव्हती. आयने तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. घरापासून ओटी हाकेच्या अंतरावर, आणि मधे काय होतं? भिंत नव्हती, नदी नव्हती. नुसते बसलेले पुरुष होते. आणि पाहणीला आलेली ती माणसंही त्याच ओटीवर बसली असणार, तिथेच चहा प्याली असणार, धर्माजीला आणि जाळी विणणाऱ्यांना विचारून, श्रोते म्हणून लिहून घेऊन गेली असणार. आणि तिनं स्वतःनं? आईला एकदा, फक्त एकदा, विचारायचं होतं, काय गो, ऐकतेस का? ती माहेरी यायची तेव्हा लोक तिला नाखवीण नाखवीण म्हणायचे आणि ती फुगून जायची. राग आता कुठल्या एका दिशेला जाईना. तो समुद्रासारखा सगळीकडून आला.

ती तडक ओटीवर गेली. "दादा, चावी दे." "कसली?" "रेडिओची. आज तो वलांडीवर नेते. माझा कार्यक्रम आहे आज." एकजण हसला. धर्माजी म्हणाला, "अगो, सोसायटीचा हाय तो. असा कुटं बी..." "सोसायटीत बाया न्हाईत? मासली कोन सुकवतं? कोन इकतं?" ती इतक्या मोठ्यांदा बोलली की हसणाऱ्याचं हसू गेलं, आणि तिच्याही लक्षात आलं नाही की ती कशी बोलतेय. धर्माजीने चावी दिली, बहिणीला भिऊन दिली की माणसांसमोर शोभा नको म्हणून, कोण जाणे. रेडिओ तिने उचलला, शेजारची तरणी राही धावत आली, तिने बॅटरीचं खोकं उचललं, आणि त्या दोघी वाळू तुडवत निघाल्या. मागे पुरुष ओटीच्या कडेला येऊन उभे राहिले, पण कुणी आडवं आलं नाही.

बायांनी उपडी टोपली मांडून त्यावर रेडिओ ठेवला. आधी खरखर, मग घंटी, मग तिचा आवाज. "राम राम मंडळी! नाखवीण बोलतेय. भगिनींनो, मासळी सुकवताना ती स्वच्छ पाण्याने धुऊन जमिनीपासून उंचावर वाळवणे हितावह असते. वाळूवर वाळवलेल्या मासळीस योग्य बाजारपेठ मिळत नाही." बाया वलांडीच्या खाली उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर बोंबील लटकत होते. त्यांनी वर पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं. राही म्हणाली, "ही कोन गो? बामनीन हाय काय?" आणि एकदम हशा उसळला, मोकळा, टाळ्या देणारा. एकीने तो आवाज काढून दाखवला, ओठ मुडपून, हितावह, हितावह. दुसऱ्या क्षणी कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. हसू थांबलं. सगळ्या केसरकडे पाहू लागल्या. "मी आहे ती," केसर म्हणाली. रेडिओतली बाई एकटीच बोलत राहिली, मिठाच्या प्रमाणाविषयी.

तेव्हा वेणूबाई वैनी पुढे झाली, खाली बसली आणि तिने बटण फिरवलं. तिला फिरवता येत नव्हतं. काटा पार टोकाला गेला, परत आला, शिट्ट्या वाजल्या. केसरने तिचा हात धरला, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतली. "वैनी, तू पण?" वैनीने हात सोडवला नाही. तिच्या चेहऱ्यावर कसलंच वाईट नव्हतं. "केसरबाय," ती हळू म्हणाली, "दिसभर आमाला सगलेच सांगतान काय करायचा. सासू सांगतं, घो सांगतं, येपारी सांगतं, सोसायटीवाला सांगतं. आता तू बी तेच सांगतंस. गानी तरी काय सांगत न्हाईत." केसरने हात सोडला. वैनीला शेवटी सिलोन सापडलं. गाणं आलं आणि गेलं आणि परत आलं, आणि बाया कामाला लागल्या, कुणी गुणगुणत, कुणी नुसतीच. केसर टोपलीजवळ वाळूत बसून राहिली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. वैनीचं एकेक अक्षर खरं होतं म्हणून ती तिच्यावर जास्तच चिडली होती. कुणीतरी तिच्या मांडीत बोंबलांचा ढीग आणून टाकला आणि न सांगता ती त्यांच्या जुड्या बांधू लागली. अंधार पडला तेव्हा रेडिओ परत गेला. धर्माजीने कपाटाला कुलूप लावलं आणि चावी पुन्हा कमरेला लावली.

सोमवारी साहेबांनी शेवटच्या कार्यक्रमाचा मजकूर पुढे ठेवला. आपण सर्वांनी इतकी वर्षे आपुलकीने ऐकलेत त्याबद्दल नाखवीण आपली ऋणी आहे. केसरने तो एकदा वाचला. "साहेब, पाहणीत बाया किती विचारल्या?" साहेबांनी चष्मा काढला. "तसं वेगळं नसतं. घरच्या कर्त्याला विचारलं की घर त्यात आलंच." "घर नाही येत," केसर म्हणाली. "माझी आई नाही आली. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांचं ऋण कसलं मानू? आणि जे ऐकत होते ते दुसरं काही लागत नव्हतं म्हणून. तेही मानू?" साहेब पहिल्यांदाच कागदांकडे न बघता म्हणाले, "माझ्या घरीसुद्धा सिलोनच लागतं, केसरबाई. बायको लावते. मी काय करणार?" दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला या माणसाची दया आली असती. ती म्हणाली, "तिला विचारा का लावते ते. मला वैनीनं सांगितलं. तुम्हालाही कुणीतरी सांगायला पाहिजे." आणि कागद तसाच ठेवून ती उठली. साहेबांनी हाक मारली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी एक जुनी फीत वाजवली. नाखवीण नेहमीसारखी राम राम म्हणाली, इंजिनाच्या तेलाविषयी बोलली, आणि निरोप न घेता संपली. कुणाच्या ते लक्षात आल्याचं केसरच्या कानावर आलं नाही.

नंतर ती माझगावच्या बाजारात सुक्या मासळीचा वाटा घेऊन बसू लागली. पहिले काही दिवस तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. गिऱ्हाईक समोर आलं की ती वाक्य जुळवायची. मग एका बाईने बोंबील मऊ आहेत म्हणून नाक मुरडलं आणि केसर तिला असं काही बोलली की शेजारच्या कोळणी उठून बघायला आल्या. राग मात्र गेला नाही. हिरामण म्हणे, आता पुरे गो. ती म्हणे, कशाला पुरे? रात्री चाळीत कुणाकडे तरी गाणं लागलेलं असायचं आणि कधीकधी ते तिला आवडायचं, आणि त्याचाही तिला राग यायचा.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी धर्माजी मुंबईला आला. पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधीच बोलू लागला. वेणूच्या आणि त्या राहीच्या पुढाकाराने बायांनी सोसायटीच्या सभेत येऊन बसायचं काढलं. आठवड्याचे दोन दिवस रेडिओ वलांडीवर पाहिजे म्हणाल्या. नाही म्हटलं तर बोंबील काढायचं काम बंद ठेवलं. दोन रात्री दवात माल भिजला. तिसऱ्या दिवशी चावी द्यावी लागली. "आनि काय आयकतान?" तो चिडून म्हणाला. "कवा गानी, कवा बातम्या, कवा नुसता बंद करून बसतान आनि हसतान. मी गेलो तर गप होतान. सगला तू गेलीस त्या दिवसापासना." केसरने त्याच्यापुढे पान मांडलं. भात वाढला, कालवण वाढलं. तिला राग येत होता की हसू, ते तिचं तिलाच ओळखू येत नव्हतं. धर्माजीने पहिला घास घेतला, आणि मग जरा नमतं घेऊन म्हणाला, "तू ये एकदा. समजाव त्यांना. तुजा आयकतील."

केसरने कालवणाचा आणखी एक डाव त्याच्या भातावर ओतला.

"माझं कुणी ऐकत नाही, दादा," ती म्हणाली. "सरकारनं माणसं पाठवून मोजून घेतलंय ते."